जोर छातीवर यावा

शिवाजी पेठेतून महाद्वार रोडच्या बाजूला चालत निघालं, की चप्पल लाईन फार लांब नाही. बाहेरगावचा माणूस तिथं कोल्हापुरी पायताण घ्यायला येतो, करकर वाजणारा जोड निवडतो, भाव करतो आणि जातो. त्या दुकानांना माल पुरवणारे हात सुभाषनगर, जवाहरनगर आणि आसपासच्या गावांत घराघरांतून बसलेले असतात. त्या हातांना पायताणाखेरीज आणखी बरंच काही करता येतं. विहिरीवर मोट होती तोवर मोट आणि तिची सोंड शिवणं, बैलाच्या मानेखालचं जोतं, आसूड, बेंदराला बैलाच्या गळ्यात घालायचा घुंगरपट्टा, ही सगळी कामं गावच्या चर्मकाराची होती. मोट गेली, बैल कमी झाले, पण जनावराच्या अंगावर चामडं कसं बसवायचं याची जाण अजून शिल्लक आहे. राबणाऱ्या कुत्र्याचा पट्टा आणि हार्नेस हे त्याच जाणिवेचं काम आहे, आणि कोल्हापुरानं ते मनावर घ्यावं असं मला फार वाटतं.

राबणारं कुत्रं म्हणजे पोलिसांच्या श्वान पथकातलं, वनखात्यातलं, लष्करातलं, धनगराच्या वाड्यावर मेंढरं राखणारं आणि उसाच्या फडाशेजारच्या वस्तीवर रात्रभर जागणारं. अशा कुत्र्याच्या अंगावरची वस्तू दिवसाचे कित्येक तास ताणली जाते. ती चुकीची असेल तर त्रास जनावराला होतो, आणि ते सांगू शकत नाही.

सुरुवात मानेपासून करायला हवी. कुत्र्याच्या गळ्यात कातडीखाली लगेच श्वासनलिका असते, तिच्या शेजारी अन्ननलिका, दोन्ही बाजूंना मोठ्या रक्तवाहिन्या आणि थायरॉईडची ग्रंथी. कुत्रं पुढं ओढतं तेव्हा हे सगळं पट्ट्याखाली दाबलं जातं. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २६ कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब मोजला होता. गळ्यातल्या पट्ट्यावर ओढलं की डोळ्यातला दाब वाढत होता, हार्नेसवर ओढलं तर तसा वाढत नव्हता. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये कुत्र्याच्या मानेचा नमुना बनवून त्यावर वेगवेगळे पट्टे घालून ओढून पाहिले. रुंद, अरुंद, आतून मऊ, सगळे तपासले. सतत ओढणाऱ्या कुत्र्याच्या गळ्याला निर्धोक म्हणावा असा एकही निघाला नाही. म्हणून गळ्यातला पट्टा ओळखीसाठी, थांबवण्यासाठी, बाजूला घेण्यासाठी वापरावा, आणि जिथं कुत्र्यानं जोर लावणं हेच काम आहे तिथं जोर छातीवर यावा. बैलाचं जू गळ्यावर न ठेवता वशिंडापुढं ठेवतात ते याच कारणानं.

पट्ट्याचं पहिलं गणित सोपं आहे. ताकद तीच राहिली आणि टेकणारी जागा दुप्पट झाली, तर दाब निम्मा होतो. एका इंचाच्या पट्ट्याऐवजी दोन इंचांचा घातला तर झटका मानेवर पसरतो. पण पट्टा नुसता रुंद करून भागत नाही. रुंद आणि ताठ पट्ट्याची कड जबड्याखाली आणि खांद्याजवळ रुतते. त्यामुळं चांगला कारागीर गळ्याखाली पट्टा रुंद ठेवतो, बकलाकडं निमुळता करत नेतो, आणि कडेचा काटकोन तासून गोल करतो.

या रुंद पट्ट्याची सर्वांत जास्त गरज असलेलं कुत्रं आपल्याच मुलखातलं आहे. महाराष्ट्रात त्याला कारवानी म्हणतात, कर्नाटकात मुधोळ. मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज बादशहाला तिची जोडी भेट दिली. २००५ च्या जानेवारीत भारतीय टपाल खात्यानं देशी कुत्र्यांची तिकिटं काढली त्यात मुधोळ होतं. पुढं २०१६ मध्ये लष्करानं ही कुत्री मेरठच्या आपल्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांब, आणि मान लांबसडक. डोकं इतकं निमुळतं की मानेचा घेर डोक्याच्या घेराजवळ जातो. साधा गोल पट्टा घातला आणि कारवानी मागं सरलं, की पट्टा कानांवरून निघून हातात येतो. तो निघू नये म्हणून घट्ट बांधला तर चरबी नसलेल्या पातळ कातडीवर वळ उठतात.

त्यावरचा उपाय म्हणजे दोन वेढ्यांचा पट्टा. मोठा वेढा रुंद चामड्याचा, दोन्ही टोकांना कड्या. त्या कड्यांतून एक छोटा वेढा ओवलेला, आणि दोरी त्या छोट्या वेढ्याला. कुत्रं सरळ चालत असताना पट्टा सैल लोंबतो. त्यानं मागं खेचलं की छोटा वेढा मोठ्याला आवळतो, पण दोन्ही कड्या एकमेकींना भिडल्या की आवळणं थांबतं. ही थांबण्याची जागा मापानं ठरवायची असते: डोकं निघू नये आणि श्वासही अडू नये, इतकी. तयार माल विकणाऱ्याला हे माप कळणं शक्य नाही. कुत्र्याच्या मानेला आणि कानामागच्या घेराला सुतळी लावणाऱ्यालाच ते कळतं.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांसाठी. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, विजापूर आणि बागलकोट. मुधोळ बागलकोट जिल्ह्यात आहे. चामडं आणि कुत्रं एकाच पट्ट्यातलं आहे, राज्यांची हद्द मधून गेली म्हणून त्यांची ओळख तुटायला नको होती.

आता चामड्याकडं येऊ. कातडं जनावराच्या अंगावरून निघालं की कुजायला लागतं. ते कुजू न देता टिकवणं म्हणजे कमावणं. आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काम झटपट होतं, चामडं मऊ राहतं, पाणीही बऱ्यापैकी सोसतं. कोल्हापुरी चामड्याची परंपरा वेगळी. इथं बाभळीची साल आणि हिरडा. हिरड्याची झाडं आपल्याच सह्याद्रीत, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगडच्या रानांत. कातडं आधी पाण्यात, मग चुन्यात टाकतात. केस सुटतात, आतलं मांस खरवडून काढतात. मग सालीच्या आणि हिरड्याच्या अर्कात ते मुरायला ठेवतात. जुन्या पद्धतीत तर कातडंच पिशवीसारखं शिवून टांगतात आणि आत अर्क भरतात. तो कातड्यातून हळूहळू पाझरतो, खाली जमा होतो, पुन्हा वर ओततात. सालीतला तुरट अंश कातड्याच्या तंतूंना चिकटतो, पाणी बाहेर ढकलतो, आणि मग जंतूंना त्या तंतूंतलं काही खाता येत नाही. बाभळीनं रंग तांबूस येतो, हिरड्यानं पिवळसर फिका आणि चामडं भरीव होतं. या सगळ्याला आठवडे लागतात. शतकानुशतकं हे काम ढोर समाजानं केलं, आणि त्यापुढचं कापणं-शिवणं चर्मकारांनी.

कुत्र्याच्या पट्ट्याला हे झाडाच्या सालीचं चामडं का बरं? ते ताणलं तरी फार वाढत नाही, भोक पाडलं तर भोकाची कड फाटत नाही, आणि अंगाच्या उबेनं, घामाट वाफेनं ते हळूहळू त्या जनावराच्या आकाराचं होत जातं. कापलेली कड पाणी लावून लाकडानं घासली की ती चकाकते आणि बंद होते. क्रोमच्या चामड्याची कड अशी बसत नाही, तिच्यावर रंगाचा थर द्यावा लागतो आणि तो पुढं पोपडे होऊन निघतो. पण याची कमजोरीही तितकीच खरी. कोल्हापूरच्या पावसात जून ते सप्टेंबर हे चामडं भिजतं, फुगतं, कोपऱ्यात ठेवलं तर बुरशी धरतं. त्यामुळं ज्या कुत्र्याला रोज ओढ्यात, चिखलात उतरायचं आहे, त्याला नायलॉनची पट्टी बरी, हे मी चामड्याचा कितीही कैवारी असलो तरी मान्य करतो.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बाभूळ-हिरड्याच्या चामड्याला लोखंड चालत नाही. जुन्या काळी लिहायची काळी शाई हिरडा आणि हिराकस एकत्र करून करायचे. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. चामड्यात हिरड्याचा तुरटपणा आहेच, त्यावर लोखंडी कडी आली आणि पावसाचं पाणी मिळालं, की तीच शाई पट्ट्यात तयार होते. कडीभोवती निळा-काळा डाग पडतो. डाग दिसायला वाईट म्हणून सोडून द्यावा असं नाही, कारण लोखंडाचा गंज त्या जागचे तंतू खातो आणि पट्टा नेमका तिथंच, जिथं सगळा भार असतो, तिथं तुटतो. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंडी बकल नवं असताना पितळेपेक्षा जास्त चमकतं. मुलामा उडाला की आत लोखंड असतंच. म्हणून बकल आणि कडी पितळी हवी, आणि ओतीव हवी. तार वाकवून केलेल्या कडीचा सांधा झटक्यानं उघडतो. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या फाउंड्र्यांमुळं ज्या शहराचं नाव देशभर झालं, त्याला चार प्रकारची चांगली पितळी बकलं करून घेणं जड जाऊ नये.

पट्टा कापताना कारागीर कातड्याची कुठली बाजू घेतो तेही पाहायला हवं. पाठीच्या कण्यालगतचं चामडं घट्ट आणि एकसारखं असतं. पोटाकडचं सैल, ताणलं की लांबणारं. पट्टी पाठीची आणि कण्याच्या दिशेनं कापलेली हवी. ओळखायची कशी? पट्टी दुमडून पाहावी. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर पाठीची. मोठ्या, पोकळ घड्या उठल्या तर पोटाची. पन्नास पैलवानांच्या जोरानं ओढून पाहण्यापेक्षा ही दुमड जास्त खरं सांगते. मोठ्या कुत्र्याला साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं चामडं पुरतं. याहून जाड घेतलं तर ते ताठ राहतं आणि केस घासून काढतं.

मग काम सुरू होतं. लाकडी पाटावर ओलसर केलेली पट्टी, हातात रापी. रापीचं पातं रुंद, पुढं अर्धगोल. ती ओढून कापत नाहीत, पुढं ढकलत कापतात. पट्टीच्या दोन्ही कडांचे कोपरे रापीनंच छिलून घेतात, वरचेही आणि खालचेही. अंगाला लागणाऱ्या बाजूवर बकरीचं मऊ चामडं डकवतात. कडेपासून सारख्या अंतरावर एक रेघ ओढतात आणि त्या रेघेवर आरीनं भोकं पाडत जातात. एका इंचात सहा ते आठ टाके. भोकं याहून जवळ आली तर चामडं तिकिटासारखं फाटायला तयार होतं. लांब गेली तर शिवण सैल पडते.

शिवण दोन सुयांची. एकच मेण लावलेला दोरा, दोन्ही टोकांना सुई. पहिली सुई एका बाजूनं आत जाते, दुसरी त्याच भोकातून समोरून येते, आणि दोन्ही हात एकदम बाहेर ताणले जातात. हे खोगीर शिवणाऱ्यांचं जुनं तंत्र आहे. कानपूरच्या खोगीर कारखान्यांत ते आजही चालतं. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून एक टाका तुटला की शेजारचे उसवत जातात. दोन सुयांच्या शिवणीत एक पदर झिजून तुटला तरी दुसरा त्याच भोकात धरून बसतो. कोल्हापुरी पायताणात दोऱ्याच्या जागी चामड्याचीच बारीक वादी असते, आणि अस्सल पायताणात खिळा नसतो. वादी ओवण्याची सवय असलेल्या बोटांना दोन सुया शिकायला फार काळ लागणार नाही. शिवून झालं की मोगरीनं टाके ठोकून बसवायचे, कडांना पाणी लावून घासायचं, मग मेण, मग तेलाचा हलका हात. तेल एकदम पाजलं तर चामडं लोळागोळा होतं आणि ताणतं; थोडं लावून रात्रभर मुरू द्यावं.

हार्नेसचं काम याहून अवघड, कारण तिथं हलणारं शरीर आहे. कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाड नसतं. पुढचे पाय धडाला स्नायूंनी टांगलेले असतात, आणि पळताना खांद्याची फळी मागं-पुढं सरकते. छातीवरून आडवी पट्टी घेतली तर ती नेमकी या हालचालीवर येते. म्हणून पट्टी छातीच्या मधल्या हाडावर येऊन तिथून दोन्ही पायांमधून खाली जावी असं सांगतात. समोरून पाहिलं तर दोन फांद्या आणि एक खोड. हे पटतं, पण माप इथंही चुकवतं. इंग्लंडमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात नऊ कुत्र्यांची चाल तपासली, तेव्हा खांदा मोकळा सोडतो असं म्हणवणाऱ्या हार्नेसनंही पाय पुढं टाकण्याची मर्यादा कमी केली, आणि ती आडव्या पट्टीच्या हार्नेसपेक्षाही अधिक कमी केली. कुत्री थोडी होती, त्यामुळं त्यावरून शेवटचा निकाल देता येत नाही. मी त्यातून इतकंच घेतो, की दुकानातल्या पाटीवर विश्वास न ठेवता त्या कुत्र्याला साज घालून, चालवून, पळवून पाहायचं. कोपराच्या मागं चार बोटं जागा सोडून पोटाची पट्टी यावी. काखेत चामडं जाता कामा नये. तिथली कातडी दोन दिवसांत सोलवटते.

माग काढणाऱ्या पोलिसी कुत्र्याच्या बाबतीत हार्नेसला आणखी एक अर्थ असतो. एरवी ते पट्ट्यावर चालतं, हँडलरच्या डाव्या पायाशी. जागेवर पोचल्यावर त्याच्या अंगावर हार्नेस चढतो, लांब दोरी पाठीवरच्या कडीला लागते, आणि कुत्र्याला कळतं की आता नाक खाली घालायचं आणि ओढलं तरी कुणी रागावणार नाही. चामड्याचं वजन, वास, बकल लागल्याचा आवाज, सगळं मिळून त्याला कामाची खूण होते. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या वेळी शहराला वाचवणारा झंजीर पुण्यात शिकलेला लॅब्रॅडॉर होता. त्यानं शोधून काढलेल्या आरडीएक्सचं वजन ३,३२९ किलो आणि हातबॉम्ब २४९ इतके नोंदले गेले आहेत. २००० सालच्या नोव्हेंबरात तो गेला तेव्हा पोलीस दलानं त्याला मानवंदना दिली. अशा जनावराच्या अंगावर जे चढतं ते त्याच्या मापाचं असावं, ही मागणी जास्त नाही.

मात्र एक काम असं आहे, जिथं अंगावर काहीच नसलेलं चांगलं. पडलेल्या इमारतीच्या ढिगाऱ्यात माणसं शोधणारी कुत्री अनेकदा पट्टा नि हार्नेस काढूनच आत सोडतात. वाकड्या सळीत पट्टा अडकला तर कुत्रं तिथंच लटकेल. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या भूकंपानंतर आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या रोमियो आणि ज्युली या कुत्र्यांनी ढिगाऱ्याखालच्या सहा वर्षांच्या मुलीचा ठाव लावला होता. साज कधी उतरवायचा हे कळणं हाही साजाच्या विद्येचा भाग आहे.

मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याचं नेमकं उलटं. बिबट्या आणि लांडगा गळा धरतात, त्यामुळं तिथं गळ्याला चिलखत हवं. हिमाचलातल्या गद्दी मेंढपाळांची कुत्री काटेरी लोखंडी पट्टे घालतात. आपल्याकडं शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्याच्या वस्त्यांवर बिबट्या पहिल्यांदा कुत्रंच उचलतो. २०२५ च्या नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या माणसांनी बिबट्याच्या भीतीनं स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला सुरुवात केली, ते फोटो साऱ्या देशानं पाहिले. असा पट्टा करताना खिळा आतून बाहेर जातो, त्याचं चपटं डोकं आत राहतं, आणि त्या डोक्यांवर चामड्याचा दुसरा थर शिवावा लागतो. हा थर वाचवायला गेलं तर खिळ्याची डोकी कुत्र्याच्याच मानेत जखमा करतात. शहरातल्या कुत्र्याला शोभेसाठी असला पट्टा घालू नये. खेळता खेळता दुसऱ्या कुत्र्याचा डोळा जातो.

ही कारागिरी किती जुनी, याचा पुरावा इजिप्तमध्ये आहे. तिथल्या राजांच्या खोऱ्यात १८९९ साली मैहेरप्री नावाच्या सरदाराची कबर सापडली. तिच्यात कुत्र्याचे दोन चामडी पट्टे होते, सुमारे ३,४०० वर्षांपूर्वीचे. एकावर शिकारीची चित्रं आणि त्या कुत्रीचं नाव कोरलेलं, दुसऱ्यावर घोडे आणि धातूच्या टिकल्या. कोरड्या हवेत चामडं इतकं टिकलं. आपल्या दमट हवेत तसलं काही हाती लागत नाही, पण दगड बोलतो. कर्नाटकातल्या आतकूरच्या इ.स. ९५० च्या सुमाराच्या शिळेवर रानडुकराशी झुंजून मेलेल्या काळी नावाच्या कुत्र्याचं स्मारक आहे.

कोल्हापुरात तर कुत्र्याच्या पुढचंही काम झालं. राजर्षी शाहू महाराजांचा जनावरांचा नाद प्रसिद्ध आहे. इथल्या संस्थानात शिकारीचे चित्ते पाळले जात, त्यांना शिकवणारे चित्तेवान होते, आणि पुढं कोल्हापूर आणि भावनगर संस्थानांनी आफ्रिकेतूनही चित्ते आणले. बैलगाडीवर बसवून चित्त्याला रानात नेत. त्याच्या डोळ्यांवर टोपी, गळ्यात पट्टा आणि कमरेभोवती दुसरा पट्टा. कमरेच्या पट्ट्यानं चित्ता आवरत, म्हणजे गळ्यावर जोर येत नसे. हार्नेसमागचा विचार या गावाला त्या काळीच ठाऊक होता. ती शिकार गेली ते बरंच झालं, आणि कारवानी अंगावर सोडून ससे मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हेही इथं स्पष्ट सांगतो. विद्या मात्र ठेवण्यासारखी होती.

ती का विरली, याचं उत्तर चामड्यात नाही, आपल्यात आहे. चामड्याला हात लावणाऱ्याला गावानं लांब ठेवलं आणि त्याच्या वस्तू मात्र पायात, शेतात, गोठ्यात वापरल्या. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या नोकऱ्या राखल्या, पण कारागिराच्या हाताला मिळणाऱ्या दामात ती जुनी हेटाळणी अजून शिल्लक आहे. चर्मकारांसाठी राज्याचं महामंडळ १९७४ पासून आहे. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीनंतर बैलाचं कातडं इथं मिळेनासं झालं. म्हशीच्या आणि परप्रांतातून, तमिळनाडूतून येणाऱ्या चामड्यावर काम ओढावं लागतं आणि खर्च वाढतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखं पायताण मिरवलं तेव्हा आपण सगळे चिडलो, आणि ते योग्यच होतं. पण त्याच आठवड्यात आपल्यातल्या किती जणांनी चप्पल लाईनमध्ये भाव न पाडता जोड घेतला?

पोलीस, वनखातं, आपत्ती दल यांच्या कुत्र्यांसाठी सामान घेताना कोल्हापूरच्या कारागिरांकडून नमुने मागवावेत, असं माझं साधं म्हणणं आहे. कानपूरच्या खोगिराला जसं मानांकन आणि ग्राहक दोन्ही मिळाले, तसं कारवानीच्या रुंद पट्ट्याला मिळायला काय हरकत आहे? कुत्री राखणाऱ्यांची संख्या शिवाजी पेठेत आणि आजूबाजूला कमी नाही. पाडव्याला म्हशी सजवून मिरवणारं हे गाव आहे. जनावराच्या अंगावर चार पैसे खर्च करायला ते मागं सरत नाही.

पट्टा करवून घ्यायचा असेल तर कुत्र्याला घेऊनच कारागिराकडं जा, फोनवर माप सांगू नका. मानेचा घेर, कानामागचा घेर, कोपरामागचा छातीचा घेर, तिन्ही मापं त्यालाच घेऊ द्या. पट्टा गळ्यात घातल्यावर आत दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. घरी रात्री पट्टा काढून ठेवा, मानेला हवा लागू द्या. भिजला तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. महिन्यातून एकदा टाके आणि बकलाजवळची घडी बघा, आणि कारागिरानं सांगितलेले पैसे पूर्ण द्या. आणि रस्त्यावरच्या किंवा वस्तीवरच्या एखाद्या पिल्लाच्या गळ्यात कुणीतरी सुतळी किंवा तार बांधून विसरून गेलेलं दिसलं, तर मालकाची वाट पाहू नका. पिल्लू वाढतं, सुतळी वाढत नाही, ती मांसात रुतते. ती तिथल्या तिथं कापून टाका.